गॅलियम नायट्राइडचा एलईडी आणि पिझोइलेक्ट्रिक परिणाम : विषय निवडण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजतो : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मार्गदर्शकांनी अर्धवाहक, पिझोइलेक्ट्रिक आणि प्रकाश देणारे पदार्थ असा विषय सुचवला आहे. एलईडी आणि पिझोइलेक्ट्रिक परिणाम (स्फटिक दाबला किंवा ताणला की त्यात विद्युत्प्रभार निर्माण होणे) या दोन गोष्टी एका विषयात कशा बसतात, हे आपल्याला कळत नाही. शिवाय दाब दिल्यावर एलईडी अधिक उजळतो, असे निबंध वाचून त्यावरच काम करावे असे आपल्या मनात आहे. पहिल्या भागाचे उत्तर नीट कळले, की दुसऱ्याचे बरेचसे आपोआप मिळते, म्हणून आधी पहिला भाग घेतो.

गॅलियम नायट्राइड या एकाच पदार्थात हे तिन्ही गुण आहेत. त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनाला मोकळे होण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून तो थेट प्रकारचा आहे, म्हणजे ती दरी उतरताना इलेक्ट्रॉन सरळ प्रकाश देऊ शकतो, त्यामुळे हा पदार्थ प्रकाश चांगला देतो. त्याची स्फटिकरचना वुर्ट्झाइट प्रकारची, म्हणजे सममितीचे केंद्र नसलेली आहे. तिच्या सी-अक्षाच्या, म्हणजे मुख्य अक्षाच्या, दिशेने गॅलियमचे आणि नायट्रोजनचे प्रतल आलटून पालटून येतात. स्फटिक आडवा दाबला किंवा ताणला, की या प्रतलांमधील अंतरे सारखी बदलत नाहीत आणि सी-अक्षाच्या दिशेने ध्रुवण, म्हणजे धन आणि ऋण प्रभारांची फारकत, निर्माण होते. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झ आदी स्फटिकांत जो परिणाम दाखवला, तोच हा. सिलिकॉनच्या स्फटिकाला सममितीचे केंद्र असल्याने त्यात तो नसतो, आणि सिलिकॉनवर अर्धवाहक शिकलेल्या विद्यार्थ्याला तो उपरा वाटतो याचे कारणही बहुधा हेच असावे.

आता कळीचा मुद्दा. निळ्या आणि हिरव्या एलईडीत प्रकाश येतो तो इंडियम गॅलियम नायट्राइडच्या दोन-तीन नॅनोमीटर जाडीच्या थरांतून, ज्यांना क्वांटम वेल म्हणतात. गॅलियम नायट्राइडचा आडवा जालकांक (स्फटिकातील अणुरचनेचे पुन्हा पुन्हा येणारे माप) ०.३१९ नॅनोमीटर आहे, तर इंडियम नायट्राइडचा ०.३५४. म्हणजे फरक सुमारे ११ टक्क्यांचा. निळ्या प्रकाशासाठी साधारण १५ टक्के इंडियम लागते, म्हणून त्या थराला स्वतःच्या स्वाभाविक मापापेक्षा दीड टक्क्याहून जास्त आक्रसून खालच्या थराच्या मापात बसावे लागते. थर इतका पातळ असतो, की हा ताण विस्थापने (अणूंच्या रांगांतील खंड) निर्माण करून मोकळा होत नाही, तो कायमचा कोंडलेला राहतो. दीड टक्का ताण ऐकायला किरकोळ वाटतो, पण बाहेरून वाकवून किंवा दाबून ठिसूळ स्फटिकाला एवढा ताण देऊ गेलो तर तो बहुधा आधीच फुटेल. थोडक्यात, बाजारातल्या प्रत्येक निळ्या एलईडीत पिझोइलेक्ट्रिक परिणाम, कोणी हात न लावताही, पूर्ण जोमाने चालू असतो.

तो किती मोठा आहे हे आकड्यांत पाहू. अशा थरातील अंतर्गत विद्युत्क्षेत्र दर सेंटिमीटरला दहा-पंधरा लाख व्होल्टच्या घरात असते. १५ लाख धरले तर ते दर नॅनोमीटरला ०.१५ व्होल्ट होते, आणि ३ नॅनोमीटरच्या वेलमध्ये एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ०.४५ व्होल्टचा उतार पडतो. आता ४५० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनची ऊर्जा २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि ५३० नॅनोमीटरच्या हिरव्याची २.३४, म्हणजे निळ्या-हिरव्यातला सगळा फरक ०.४२ चा. उताराचा पूर्ण परिणाम तरंगलांबीत दिसत नाही, कारण वेलमधील बंदिस्तीची ऊर्जा त्यातून वजा होते, पण तो किती मोठा आहे ते यावरून ध्यानात यावे.

या उतारामुळे इलेक्ट्रॉन वेलच्या एका काठाला आणि होल (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) दुसऱ्या काठाला सरकतात. या दोघांना मिळून वाहक म्हणतात. प्रकाशाची तरंगलांबी वाढते हे एक. त्याहून वाईट म्हणजे दोघांच्या तरंगफलांचे (ते कुठे सापडण्याची शक्यता किती, हे सांगणाऱ्या फलांचे) एकमेकांवरचे आच्छादन घटते, पुनर्संयोग, म्हणजे दोघांनी एकत्र येऊन प्रकाश देणे, मंदावतो आणि दरम्यान दोषांना ते वाहक गिळायला सवड मिळते. नायट्राइड वेलमधील या परिणामाचे स्पष्ट मोजमाप जपानमधील मेइजो विद्यापीठातील गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. हिरव्यासाठी इंडियम अधिक लागते, म्हणून ताणही अधिक, क्षेत्रही अधिक. निळ्याच्या मानाने हिरवा एलईडी मागे का पडतो याचे हे एक कारण आहे. एकमेव नाही, कारण जास्त इंडियम सामावण्यासाठी थर कमी तापमानाला वाढवावा लागतो आणि त्यामुळे त्याची प्रतही घसरते.

हे सगळे कागदावर राहू नये म्हणून एक प्रयोग सुचवतो. एक साधा हिरवा आणि एक लाल एलईडी घ्या आणि महाविद्यालयातल्या स्पेक्ट्रोमीटरवर प्रवाह १ मिलिअँपिअरपासून २० पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत दोघांची शिखर-तरंगलांबी नोंदवा. हिरव्याचे शिखर काही नॅनोमीटरने निळ्याकडे सरकेल, कारण वेलमध्ये जमा होणारे वाहक अंतर्गत क्षेत्राला झाकोळतात आणि उतार सपाट होऊ लागतो. लाल एलईडी अॅल्युमिनियम गॅलियम इंडियम फॉस्फाइडचा असतो. तो गॅलियम आर्सेनाइडवर जालक जुळवून वाढवतात, त्यामुळे त्यात असे क्षेत्र नसते, आणि त्याचे शिखर तापल्यामुळे उलट दिशेने, लांब तरंगलांबीकडे, सरकताना दिसेल. मात्र इथे एक सावधगिरी हवी. इंडियमची वाटणी थरात सारखी नसते, आणि कमी ऊर्जेच्या जागा आधी भरत गेल्या तरी शिखर निळ्याकडेच सरकते. दोन्ही कारणे वेगळी करायची तर वेगवेगळ्या जाडीच्या वेल मोजाव्या लागतात : क्षेत्राचा परिणाम जाडीबरोबर झपाट्याने वाढतो आणि पुनर्संयोगाचा काळही त्याबरोबर लांबतो.

क्षेत्र टाळायचे उपाय आहेत. स्फटिक सी-अक्षाऐवजी आडव्या, अध्रुवी दिशेने वाढवला तर वेलमध्ये उतार पडतच नाही. बर्लिनमधील पॉल ड्रूड संस्थेच्या गटाने २००० मध्ये हे करून दाखवले. अर्धध्रुवी, म्हणजे सी-अक्षाला तिरप्या, प्रतलावर ५३१ नॅनोमीटरचा हिरवा लेसरही जपानमध्ये २००९ मध्ये झाला. तरीही कारखाने सी-प्रतलावरच अडून आहेत, कारण मोठ्या व्यासाच्या स्वस्त नीलम तबकड्या आधार म्हणून त्याच दिशेला मिळतात आणि अध्रुवी गॅलियम नायट्राइडच्या तबकड्या लहान आणि महाग पडतात.

हेच ध्रुवण ट्रान्झिस्टरमध्ये मात्र वरदान ठरते. गॅलियम नायट्राइडवर अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइडचा थर दिला, की स्वयंस्फूर्त (ताण नसतानाही स्फटिकात असणारे) आणि पिझोइलेक्ट्रिक ध्रुवण एकाच दिशेने जमा होते आणि सांध्यापाशी, वाहक पुरवणारे परके अणू मुद्दाम न मिसळता, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०^१३ इलेक्ट्रॉनांची पातळ चादर तयार होते. मोबाइलचे छोटे वेगवान चार्जर याच्याच जोरावर चालतात. मला स्वतःला नवशिक्यासाठी हा विषय एलईडीपेक्षा जास्त फलदायी वाटतो, कारण हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रात वाहकांची संख्या मोजणे) आणि धारकता-व्होल्टता मापन एवढ्यावर ध्रुवणाचा हिशेब पडताळता येतो.

आता दाब देऊन उजळणाऱ्या एलईडीबद्दल. जॉर्जिया टेकमधील झोंग लिन वांग यांच्या गटाने २००६ मध्ये जिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांपासून वीज मिळवली आणि २०११ मध्ये गॅलियम नायट्राइडवर ठेवलेली जिंक ऑक्साइडची सूक्ष्मतार दाबून उजेड वाढल्याचे दाखवले. काम खरे आहे, आणि जिंक ऑक्साइड जलतापी पद्धतीने शंभर अंश सेल्सिअसच्या आत वाढवता येत असल्याने ते आपल्या विद्यापीठांच्या आवाक्यातही आहे. पी-प्रकारचे, म्हणजे होलांचे आधिक्य असलेले, जिंक ऑक्साइड भरवशाने मिळत नाही, म्हणून पी-गॅलियम नायट्राइडचा आधार विकत घ्यावा लागेल, हे खर्चात धरा. अडचण वेगळीच आहे : सैल सांधा दाबला की संपर्कच सुधारतो, प्रवाह वाढतो आणि उजेडही वाढतो, आणि यात पिझोइलेक्ट्रिक काहीही नसते. म्हणून विषय घेतलाच तर निदान तीन गोष्टी प्रयोगात बसवा. उजेड समान व्होल्टतेला नव्हे, समान प्रवाहाला मोजा. दाबाबरोबर उलट दिशेची ओढही द्या, कारण पिझोइलेक्ट्रिक प्रभाराचे चिन्ह उलटले पाहिजे. आणि तारेची दिशा फिरवून पाहा, कारण तारेच्या दोन टोकांचे प्रभार विरुद्ध चिन्हांचे असतात, तर रोधातला बदल दोन्ही टोकांना सारखाच असतो. मार्गदर्शकांकडे ओढ आणि दाब दोन्ही देणारी, प्रकाशिक जुळणी न हलवणारी वाकवण्याची सोय आहे का, हे विषय नोंदवण्याआधी विचारून घ्या. ती नसेल तर वर सांगितलेला हिरव्या एलईडीचा प्रयोग तापमान बदलत आणि स्पंदित प्रवाहावर, म्हणजे तापण्याचा परिणाम वगळून, विस्ताराने करा. एवढ्या सामग्रीत एका प्रकल्पाचे काम निश्चित होते.