नरक्याचे नातलग

प्रश्न : आमच्या आंबोलीच्या रानातल्या नरक्यात कर्करोगावरचे औषध असते. मग त्याच्या नात्यातल्या न तपासलेल्या झाडांतही ते असेल, असे सांगता येते का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अंदाज बांधता येतो, आणि कधी कधी तो छान जुळतो. नरक्यातले द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. 1966 मध्ये ते एका चिनी झाडात, कॅम्प्टोथेकात, प्रथम सापडले. शोधणारे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी भरून येई! 1972 मध्ये तेच द्रव्य नरक्यात मिळाले.

पण गंमत पाहा, ही दोन झाडे जवळची नातलग नाहीत. त्यांची कुळे वेगळी, गणही वेगळे. केवळ वंशवृक्ष हाती घेऊन कॅम्प्टोथेकापासून निघालेला माणूस सह्याद्रीत पोचलाच नसता.

नरक्याच्या स्वतःच्या इकॅसिनेसी कुळात मात्र नाते कामी आले. बंगळुरूच्या संशोधकांनी त्याचे भाऊबंद तपासले, तेव्हा मिक्वेलिया डेंटाटा या वेलीत कॅम्प्टोथेसिन भरपूर निघाले. नाते जितके जवळचे, तितका अंदाज भक्कम. तरी पान, साल, बी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय खात्री धरू नये.

चोरट्या तोडीने नरक्या फार सोसतो आहे. मी बुंध्यापासून तोडलेली झाडे पाहिली आहेत. म्हणून या नातलगांचा शोध मला मोलाचा वाटतो. तुमच्या रानात नरक्या दिसला, तर त्याची साल सोलू देऊ नका.