कोर्सच्या आधी जुनं लॉगिन

‘मधली काही वर्षं मी या कामात नव्हतो. आता परत यावंसं वाटतंय, पण सगळंच बदललंय. पुन्हा पहिलीपासून शिकायचं का?’ पूर्वी हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी बहुतेक करून बाळंतपणानंतर नोकरीवर परतणाऱ्या बायका घेऊन यायच्या. हल्ली घरी बसून वेबसाइटवर कमावणारी मंडळीही विचारतात. त्यांची घालमेल जरा जास्तच, कारण ‘या परत’ म्हणणारा साहेबही त्यांना नसतो.

त्यातलंच एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चारकोपचे एक गृहस्थ, वय चाळिशीच्या आतबाहेर. 2013 साली अ‍ॅमेझॉन भारतात सुरू झालं. त्याच सुमारास यांनी पाण्याचे प्युरिफायर, मिक्सर, गीझर यांची माहिती आणि परीक्षणं देणारी वेबसाइट उभी केली. लेखातल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की त्यांना कमिशन मिळायचं. हेच ते अ‍ॅफिलिएट मार्केटिंग. चांगल्या महिन्यात एका पगाराएवढे पैसे सुटायचे. पण 2018 मध्ये लग्न ठरताना मुलीकडून विचारणा झाली, ‘ते सगळं ठीक आहे, पण मुलगा करतो काय?’ मग सासऱ्यांना चारचौघांत सांगता येईल अशी नोकरी पत्करली, एका मालवाहतूक कंपनीत. आता त्या कंपनीचं ऑफिस भिवंडीला हलत होतं. चारकोपहून रोज भिवंडी म्हणजे काय, ते घोडबंदर रोडवर अडकलेल्याला वेगळं सांगायला नको.

“राजीनामा देऊन वेबसाइटकडे वळावं म्हणतो,” ते म्हणाले. “पण मॅडम, मला आता त्यातलं काही येत नाही. फार मागे पडलोय.”

मी म्हटलं, मला यातलं खरंच फारसं कळत नाही, तर काय काय बदललंय तेवढं समजावून सांगा. गृहस्थ सुरू झाले. डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट ज्यावर चालवतात त्या प्रणालीत, लेख लिहायची पद्धतच बदलली, ठोकळे जोडत जायचे. वाचक कुठून येतात ते मोजणारं गुगलचं जुनं अ‍ॅनालिटिक्स 1 जुलै 2023 पासून बंद. ऑगस्ट 2022 मध्ये गुगलने नुसते शोधात वर येण्यासाठी लिहिलेले लेख मागे ढकलायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि कुणीही दिवसाला पन्नास लेख पाडू लागलं. ऑगस्ट 2024 पासून तर भारतातही गुगल स्वतःच वर उत्तर लिहून देतं, मग खालच्या लिंकवर टिचकी मारतो कोण? शिवाय जून 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे, शिफारशीमागे आपला आर्थिक संबंध असेल तर तो वाचकाला स्पष्ट सांगावा लागतो.

चहा निवला तरी ते बोलत होते. काही येत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून तारीखवार इतिहास ऐकताना मला गंमत वाटत होती. इतकी खबर ठेवणारा माणूस मागे पडलाय, हे मला पटेना.

पुढच्या भेटीला मी पत्नीलाही बोलावलं. त्यांनी दोन वाक्यांत गाठ सोडवली. “ह्याने तीन कोर्स विकत घेतलेत. एकाचाही दुसरा धडा उघडलेला नाही.” मग जरा थांबून, “आणि त्या वेबसाइटच्या नावाचे पैसे हा दरवर्षी भरतो. मला माहीत नाही असं ह्याला वाटतं.”

गृहस्थ ओशाळले. मला मात्र हे ऐकून बरं वाटलं. ज्याने डोमेन एकदाही सुटू दिलं नाही, त्याने काम मनातून टाकलेलं नसतं. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी: इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची साइट आतून उघडून पाहिलीच नव्हती. तिथे काय पडझड झाली असेल, या धास्तीवर कोर्स हा फार सोयीचा उतारा असतो. शिकतोय म्हटलं की मन शांत, आणि कुलूप उघडायचं पुढे ढकलता येतं. माहिती कमी पडते म्हणून येणारे बरेच जण खरं तर इथेच थांबलेले असतात, असं माझं मत होत चाललंय.

म्हणून काम एकच दिलं. काहीही नवीन शिकायचं नाही, काही दुरुस्तही करायचं नाही. जुनं लॉगिन उघडायचं, एकेक लेख बघायचा आणि वहीत लिहायचं: हा अजून खरा आहे का? पत्नीने शेजारी बसायचं, बोलायचं नाही. (ही अट त्यांना जड गेली म्हणे.)

वहीत अपेक्षेप्रमाणे बरंच मेलेलं निघालं. बाजारातून गेलेली मॉडेलं, कुठेच न जाणाऱ्या लिंक, अ‍ॅमेझॉनचं बंद पडलेलं खातं. पण काही लेखांवर अजून वाचक येत होते, आणि त्यात पहिला होता ‘मुंबईत आरओ लागतो का?’ हा. आरओ म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारा प्युरिफायर. त्या लेखासाठी त्यांनी तेव्हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर घेऊन मित्रांच्या इमारती पालथ्या घातल्या होत्या. भातसा, तानसा, वैतरणातून येणाऱ्या पालिकेच्या पाण्यात क्षार मुळातच कमी, तेव्हा तिथे महागडा आरओ बहुधा नको. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर आधी मोजून बघा, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं. पुढे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या पाण्याला आरओ वापरू नये, अशा अर्थाचा आदेश दिला. महाग वस्तू घेऊ नका म्हणणारा लेख, म्हणजे कमिशनच्या दृष्टीने आतबट्ट्याचाच. पण साइटवरचा विश्वास त्यानेच टिकवला होता. गुगलनेही डिसेंबर 2022 मध्ये लेख पारखण्याच्या आपल्या निकषांत प्रत्यक्ष अनुभवाची भर घातली. मीटर घेऊन जिने चढणं यंत्राला जमत नाही, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. मला सांगावं लागलं नाही.

राजीनाम्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले. वेबसाइटकडे परतणं आणि नोकरी सोडणं हे दोन निर्णय आहेत, एकाच तारखेला घ्यायचे नाहीत. अ‍ॅमेझॉनचं नवं खातं उघडलं तर 180 दिवसांत किमान 3 विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर ते बंद होतं. लिंकवर टिचकी मारल्यावर साधारण 24 तासांत ग्राहकाने वस्तू निवडली तरच कमिशन. आणि ते हातात पडतं महिना संपल्यावर सुमारे 60 दिवसांनी. घराचा हप्ता एवढा थांबत नाही.

सध्या ते भिवंडीला जातात. आठवड्यातून तीन सकाळी लिहितात, मेलेले लेख काढून टाकतात, मोजके नव्याने लिहितात. प्रत्येक लेखाच्या वर ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं’ ही ओळ आली आहे. मीटर पत्नीच्या पर्समध्ये असतो. नातेवाइकांकडे गेलं की आधी नळ, मग चहा. पहिलं कमिशन अगदीच किरकोळ होतं. कमिशनमधून घराचा हप्ता सलग सहा महिने निघाला की राजीनामा, असं त्यांचं म्हणणं. पत्नी नऊ महिन्यांवर अडून बसल्या आहेत, आणि त्यावर त्यांचं अजून जमलेलं नाही.