हॉलमध्ये वायफाय छान, आतल्या खोलीत मीटिंग तुटते. १००चा प्लॅन ३००चा करू का?

नका करू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन, दोन बेडरूमचं घर, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. हॉलमध्ये स्पीड टेस्टला नव्वदच्या वर आकडा येतो. आतल्या खोलीत ऑफिसचा कॉल लागला की समोरचे म्हणतात "आवाज तुटतोय", आणि संध्याकाळी हे जास्त होतं. कंपनीचा माणूस म्हणाला प्लॅन वाढवा, मित्र म्हणाला रिपीटर घ्या, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे फेकणारा छोटा डबा.

आता गंमत बघा. ग्रुपमधला व्हिडिओ कॉल अगदी स्वच्छ चालायला चार एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे शंभर आहेत. म्हणजे तुटवडा इंटरनेटचा नाही. हॉलपर्यंत आलेलं इंटरनेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. तीनशे घेतलेत तर हॉलमध्ये तीनशे दिसतील आणि आतून तुम्ही साहेबांना तसेच रोबोसारखे ऐकू याल.

पण मी म्हणतो म्हणून मानू नका, मोजून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पैसे पडत नाहीत. आतल्या खोलीत, जिथे नेहमी बसता तिथेच लॅपटॉप घेऊन बसा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा, एक नाही, दोन खिडक्या. पहिल्या खिडकीत इंग्रजीत पिंग (ping; हे पलीकडच्याला सारखी हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजतं) लिहा, जागा सोडा, राउटरचा पत्ता लिहा (राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), पुन्हा जागा सोडून वजा टी (-t). दुसऱ्या खिडकीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८. हा गूगलचा सर्व्हर आहे, म्हणजे घराबाहेरचा. दोन्ही चालू ठेवा आणि संध्याकाळचा कॉल घ्या.

आवाज तुटला की लगेच दोन्हीकडे नजर टाका. प्रत्येक ओळीत शेवटाकडे मिलिसेकंदांचा आकडा असतो. राउटरचं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं, मधूनच वीस-तीस झाले तरी चालतात. तिथेच जर दोनशे, चारशे, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं दिसत असेल, तर बिघाड तुमच्या घरातल्या हवेत आहे. कंपनीला फोन करून काहीही उपयोग नाही. उलट राउटरची ओळ शांत आणि ८.८.८.८ची उड्या मारतेय, तर लाइन बाहेर तुंबतेय. मग त्या खिडकीचा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा. "नेट स्लो आहे" म्हटलं की "राउटर बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळतं; फोटो दाखवला की माणूस तरी येतो.

तुमच्या वर्णनावरून माझी पैज पहिल्या खिडकीवर आहे. हॉलमध्ये ठीक आणि आत वाईट, म्हणजे भिंत. संध्याकाळी वाईट, म्हणजे शेजारी.

शेजाऱ्यांचं आधी सांगतो. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ची पट्टी इतकी अरुंद आहे की त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच बसतात: १, ६ आणि ११. आमच्या इमारतीत मी फोनवर मोजलं तेव्हा सत्तावीस नावं दिसली. (त्यातलं एक "पासवर्ड मागू नये". कोणत्या मजल्यावरचं ते मला माहीत आहे.) सत्तावीस घरं तीन रस्त्यांवर, आणि एका रस्त्यावर एका वेळी एकानेच बोलायचं हा वायफायचा नियम. दुपारी निम्मी घरं रिकामी असतात. सात वाजता सगळे येतात, टीव्हीवर मालिका लागते आणि तुमचा लॅपटॉप बोलायला पाळी येण्याची वाट बघत बसतो. शिवाय मायक्रोवेव्हसुद्धा याच पट्टीत चालतो, म्हणून जेवण गरम करताना कॉल तुटला तर तो योगायोग समजू नका.

५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत आणि गर्दी कमी. पण ती लहर भिंतीला लवकर हार मानते. म्हणून होतं असं की तुम्ही आत जाता, लॅपटॉपला ५चा सिग्नल अशक्त वाटतो, तो गुपचूप २.४वर उडी मारतो आणि गर्दीत जाऊन उभा राहतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर तुम्हाला हे कळतही नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या. स्मार्ट बल्ब, प्लग वगैरे बहुतेक २.४वरच चालतात, त्यांना तिथे राहू द्या. लॅपटॉप आणि टीव्ही ५वर टाका. त्याच सेटिंगमध्ये २.४ची चॅनेल-रुंदी ४० मेगाहर्ट्‌झ असेल तर २० करा. स्पीडचा आकडा कमी होईल, पण कॉल कमी तुटेल.

आता भिंत. आमचं नाशिकचं घर जुनं, नऊ इंची विटांचं. हॉल आणि आतली खोली यांच्यात बाथरूम. म्हणजे दोन भिंती, फरशा, पाण्याचे पाइप, आणि आतल्या बाजूला भिंतीला टेकवलेलं आईचं लोखंडी कपाट, दारावर पूर्ण उंचीचा आरसा असलेलं. वायफायला थांबवायचं यंत्र बनवायला सांगितलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं. पत्रा आणि आरशामागचा धातूचा लेप लहर परत फेकतात, पाणी ती पिऊन टाकतं. मी कपाट चार फूट सरकवलं तेव्हा सिग्नल उणे ७८वरून उणे ७०वर आला. (हा आकडा फोनवर वायफाय अ‍ॅनलायझरसारख्या अ‍ॅपमध्ये दिसतो. शून्याच्या जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, कॉलसाठी उणे ६७च्या आसपास हवा, आणि दर तीनला ताकद दुप्पट किंवा निम्मी होते.) म्हणजे नुसतं कपाट सरकवून सहापट फरक पडला. आई आठवडाभर बोलली नाही, ते वेगळं.

तुमचा राउटर टीव्हीच्या मागे आहे. टीव्ही म्हणजे पाठीला पत्रा लावलेली पाटी. त्याला बाहेर काढा, उंचावर ठेवा, दाराच्या रेषेत येईल असं बघा, कारण उघडं दार ही त्या लहरीची सगळ्यात आवडती वाट. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर ओढू नका, तिला काटकोनात मुडपू नका. आत काच आहे. मुडपली की लाल दिवा लागतो आणि मग खरंच कंपनीची वाट बघत बसावं लागतं.

इथेच एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. लॅपटॉपवर दिसणाऱ्या कांड्या फक्त राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते सांगतात. तुमचा आवाज राउटरपर्यंत किती पोचतो ते कुठेच दिसत नाही. राउटरला भिंतीतून वीज मिळते आणि तो जोरात ओरडतो. फोन-लॅपटॉप बॅटरी वाचवत हळू बोलतात. म्हणून तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, पण त्यांना तुमचं तुटक येतं. तुमच्याबाबतीत नेमकं हेच होतंय, तुमच्याच वाक्यात आहे ते.

रिपीटरबद्दल. मी घेतला होता. जिथे सिग्नल नाही तिथेच लावायचा असणार, असं समजून आतल्या खोलीत पलंगाशेजारच्या सॉकेटला खोचला. कांड्या फुल्ल. मी खूश होऊन मीटिंगला बसलो आणि पाचव्या मिनिटाला तेच: "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" अर्थातच. लॅपटॉप ते रिपीटर दोन फूट, तिथे कांड्या फुल्ल असणारच. रिपीटर ते राउटर मात्र तीच बाथरूम, तेच कपाट. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर लावायचा तर वाटेत मध्यावर लावायचा, जिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळतो. तरीही स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. फोनवर बातम्या वाचायला चालेल. रोजच्या नोकरीसाठी मी तो घेऊ नका म्हणेन.

मग माझं कशाने सुटलं? वायरने. हो, २०व्या शतकातल्या वायरने.

आतल्या खोलीत पूर्वी केबल टीव्ही होता. त्याची काळी जाड वायर हॉलमधून भिंतीतल्या पाइपातून आत गेलेली होती आणि कित्येक वर्षं तशीच पडून होती. तिच्या टोकाला नवी लॅन केबल (राउटरपासून लॅपटॉपपर्यंत नेट नेणारी वायर) चिकटपट्टीने घट्ट बांधली, गाठ निमुळती केली, त्यावर थोडं खोबरेल तेल लावलं, आणि बायकोने हॉलमधून हळूहळू केबल आत सोडली तशी मी आतून काळी वायर ओढली. मध्ये एका वळणावर अडकली. थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे. वीस मिनिटांत टोक बाहेर आलं, त्याबरोबर मूठभर सिमेंट आणि एक मेलेली पाल. एकच पथ्य: विजेच्या वायरी असलेल्या पाइपातून लॅन केबल नेऊ नका. पाइप वेगळा नसेल तर सरळ दाराच्या चौकटीवरून पट्टी मारून न्या, दोन दिवसांनी डोळ्यांना सवय होते.

केबल घेताना दुकानदाराला "कॅट सिक्स, शुद्ध तांब्याची" असं स्पष्ट सांगा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते आणि दिसायला हुबेहूब तशीच असते. आतली एक तार ब्लेडने खरवडा. पांढरट निघाली तर परत द्या. आणि टोकाला क्लिप बसवणाऱ्याला आठही तारा लावायला सांगा. चारच तारांवरही केबल चालते, पण मग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. तुमच्या राउटरचं पोर्ट जुनं असेल तरी तेच होतं: प्लॅन तीनशेचा, आकडा ९४-९५वर अडून बसलेला. हेही प्लॅन वाढवण्यापूर्वी बघायचं असतं, आणि कोणी सांगत नाही.

आत केबल पोचली की लॅपटॉप थेट तिलाच जोडलात तर विषयच संपला. फोनसाठी वायफायही हवं असेल तर घरात जुना राउटर पडलेला असतोच, तो वापरा. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा करा (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), आणि हॉलमधून आलेली केबल त्याच्या वॅन नावाच्या वेगळ्या रंगाच्या पोर्टात न घालता साध्या लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर दोन राउटर घरातल्या उपकरणांना परस्परविरोधी पत्ते वाटत बसतात आणि सगळ्यांचंच नेट जातं. मी विसरलो होतो. रविवारी, मॅच चालू असताना.

भाड्याचं घर असेल, वायर नेताच येत नसेल, तर मग मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच वायफाय पसरवणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच. पण दुसरा डबा दाराच्या रेषेत, मध्यावर ठेवा, आणि वर सांगितलेलं पिंग पुन्हा चालवून बघा. दुकानातून "परत घेऊ" असं लेखी घेऊनच आणा.

तुम्ही दोन्ही खिडक्यांचे आकडे इथे टाकलेत तर पुढचं सांगता येईल. आणि हो, राउटर टीव्हीमागून काढाल तेव्हा त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असेल तर तोही काढा. आमच्याकडे होता, आणि खाली राउटर इस्त्रीसारखा तापला होता.