बेरनरायटर ही जर्मन संगीत प्रकाशनसंस्था कोणाची? नावाचा अर्थ काय?

कार्ल फ्योटर्ले यांनी १९२३ मध्ये आउग्सबुर्गला ती सुरू केली, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. चलन रोज घसरत होतं. अशा काळात जाड ग्रंथ नव्हे, लोकगीतांच्या स्वरलिपीची सुटी पानं छापून सुरुवात झाली. १९२७ मध्ये संस्था कासेलला गेली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी तिथली इमारत उद्ध्वस्त झाली, तरी ती तिथेच पुन्हा उभी राहिली. १९७५ मध्ये फ्योटर्ले वारल्यावर मुलगी बार्बरा यांनी धुरा घेतली. आता पुढची पिढीही कामात आहे.

नावाचा अर्थ ‘अस्वलावरचा स्वार’. सप्तर्षी म्हणजे पाश्चात्त्यांच्या ‘मोठे अस्वल’ या तारकासमूहाचा भाग, आणि त्यातल्या वसिष्ठाला चिकटून दिसणारा बारीक तारा हा तो स्वार. म्हणजे आपली अरुंधतीच!

खरं मोठं काम युद्धानंतरचं. जर्मन संगीतकार बाखच्या समग्र रचनांची नवी आवृत्ती १९५४ ते २००७ अशी चालली. हस्तलिखितं आणि जुने छाप ताडून पाठ ठरवायचा, पाठभेद वेगळ्या चिकित्सा-अहवालात द्यायचे. हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं काम भांडारकर संस्थेने महाभारतासाठी केलं तसंच.

विकत घेताना मुखपृष्ठावरचा ‘बीए’ क्रमांक, म्हणजे संस्थेचा आवृत्ती-क्रमांक, अख्खा जुळवा. संगीतकार हँडेलच्या ‘मसीहा’ या गायन-वाद्यवृंदाच्या रचनेचा बीए ४०१२ म्हणजे वाद्यवृंदाची पूर्ण स्वरलिपी, गायकाला लागते ती पियानोसाथीची प्रत, ४०१२-९०. शेपटाचा आकडा सुटला की नको ते महागडं पुस्तक घरी येतं.