घर-सजावट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे. दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला आणि झोपण्याच्या खोलीची उत्तरेला आहे. दोन्हीकडे जांभळट राखाडी रंग द्यावा, अशी माझी इच्छा आहे. सासूबाईंच्या मते मात्र त्याने घर उदास दिसेल. फरशी पिवळसर असून कपाटे सागवानी आहेत. आपला सल्ला काय?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : सासूबाईंची शंका निराधार नाही, पण ती मुख्यतः झोपण्याच्या खोलीला लागू आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड, आणि आषाढ-श्रावणात ढग दाटले की तोही मंदावतो. त्या उजेडात निळ्याकडे झुकणारी छटा मळकट दिसते, म्हणून तेथे किंचित गुलाबीकडे झुकणारी, फिकट छटा निवडावी. दिवाणखान्यात नेमके उलट घडते. दुपारनंतरचे पिवळे ऊन जांभळेपणा मारते आणि गुलाबी अंश असलेला रंग तपकिरी वाटू लागतो. तेथे निळसर अंशाची छटा अधिक शोभेल. दोन्ही खोल्यांना एकाच डब्यातला रंग देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या फरशीचा विचार दुकानदार बहुधा करणार नाही. पिवळा आणि जांभळा हे परस्परविरोधी रंग असल्याने शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. शिवाय चारही भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात, त्यामुळे शेडकार्डावर सौम्य वाटलेली छटा खोलीत गडद आणि भडक होते. आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी अधिक राखाडी आणि एक पायरी फिकट छटा घ्यावी. सागवानाची चिंता नको. या रंगापुढे ते आणि पितळी समई दोन्ही खुलतात. नमुना थेट भिंतीवर न लावता दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात देऊन वाळू द्यावा आणि तो सकाळी, संध्याकाळी आणि दिवे लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर धरून पाहावा. घरात 6500 केल्व्हिनची (हे उजेडाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) पांढरी ट्यूब असेल, तर आधी ती बदलून 3000 ते 4000 केल्व्हिनचे दिवे लावावेत; अनेकदा रंगाला दोष दिला जातो आणि खरा दोषी दिवा असतो.

पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा बसतो. तेथे ओल असेल तर बाहेरून दुरुस्ती करून भिंत पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, काम काढावे. या रंगावर क्षारांचे पांढरे डाग पांढऱ्या भिंतीपेक्षा कितीतरी लवकर डोळ्यांत भरतात.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या नव्या घरात हाच रंग दिला आहे. पडदे जांभळे घ्यावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नयेत. गडद जांभळ्या पडद्याशेजारी भिंतीचा जांभळा अंश लोपून ती नुसती राखाडी दिसेल. हातमागाचे, न रंगवलेल्या सुताचे पडदे किंवा मेंदी रंगाचे पडदे घ्यावेत. मेंदी रंगाशेजारी भिंत थोडी गुलाबी वाटेल, ते चालत असेल तरच.