यंदा जत्रा लवकर का? ईशानला पत्र

प्रिय ईशान,

रविवारी फोनवर तू आजीला विचारलंस, "गेल्या वर्षी जत्रा 12 एप्रिलला होती, मग यंदा 2 एप्रिलला कशी? एकच तारीख का नाही?" आजी म्हणाली, "अरे बाळा, ठरलेलीच आहे की, चैत्री पुनवेला." तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. यंदा तुझी ईस्टरची सुट्टी आणि जत्रा एकत्र आल्यात, आपण नाशिकला चाललोही आहोत, तर निघण्याआधी तुला हे नीट कळायला हवं. मराठीतच लिहितेय. अडेल तिथे विचार.

आपल्या गावची जत्रा मारुतीची. मारुतीचा जन्म चैत्र पौर्णिमेचा, म्हणून जत्रा त्या दिवशी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या झाल्या की संपते. आता पौर्णिमा म्हणजे चंद्राचा हिशोब. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने 354 दिवसांत संपतात आणि आपल्या भिंतीवरचं वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी 11 दिवस कमी पडतात. म्हणून बघ, चैत्र पौर्णिमा 2024 साली 23 एप्रिलला होती, 2025 मध्ये 12 एप्रिलला, यंदा 2 एप्रिलला. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे.

असंच चालू राहिलं असतं तर काही वर्षांत आपली जत्रा थंडीत गेली असती, मग ऑक्टोबरात, मग भर पावसात. रमजान ईदचं तसंच होतं, कारण तिचं वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचंच असतं. नानांच्या मळ्याशेजारच्या चाचांकडे आम्ही शिरखुर्मा कधी पावसात खाल्लाय, कधी थंडीत. यंदा ईद पाडव्याच्या आसपास येतेय. आपल्या पंचांगात मात्र दर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरतात, तो अधिक महिना. यंदा तो ज्येष्ठात आहे, 17 मे ते 15 जून. आजी त्याला धोंड्याचा महिना म्हणते, आणि त्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे असतात, त्यामुळे तुझ्या बाबांना तो तोंडपाठ आहे. या एका महिन्यानं सगळी तूट भरून निघते, आणि पुढच्या वर्षीची चैत्र पौर्णिमा एकदम पुढे सरकून 20 एप्रिल 2027 ला येते. जत्रा मागे-पुढे होते, पण उन्हाळ्याच्या तोंडापासून फार लांब जात नाही.

तुझ्या शाळेची सुट्टीसुद्धा अशीच सरकते, हे तुझ्या लक्षात आलंय का? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, तो ईस्टर. यंदा ती पौर्णिमा आणि आपली चैत्री पुनव एकच आहे, म्हणून गुरुवारी आपली जत्रा आणि रविवारी, 5 एप्रिलला, ईस्टर. पुढच्या वर्षी ईस्टर 28 मार्चला येतो आणि जत्रा 20 एप्रिलला. तुझी शाळा तेव्हा सुरू झालेली असेल. मी बाबांकडे यंदाच जायचा हट्ट धरला तो याचसाठी.

आता तू विचारशील, चैत्रच कशाला? मारुतीचा जन्म हे एक कारण झालं. दुसरं कारण तुला मामाच्या मळ्यात दिसेल. आपलं गाव निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. चैत्रात गहू-हरभरा घरात आलेला असतो. उन्हाळ कांदा काढून, पात कापून चाळीत भरणं चालू असतं. द्राक्षाचा हंगाम सरत आलेला असतो आणि बागेची खरड छाटणी, म्हणजे हंगाम संपल्यावरची मोठी छाटणी, अजून व्हायची असते. हातात थोडा पैसा आणि थोडा मोकळा वेळ, दोन्ही एकाच वेळी गावाला मिळतं ते याच दिवसांत. वर्गणी तेव्हाच जमते. सासरी गेलेल्या लेकी तेव्हाच येतात. आणि रात्र चांदण्याची असते. नाना सांगतात, वीज नव्हती तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं बैलगाड्या जुंपून यायची, रात्रभर तमाशा बघायची आणि चांदण्यातच परत निघायची.

यंदा जत्रा लवकर आल्यानं मामा जरा चिंतेत आहे. त्याच्या उशिराच्या बागेत अजून माल आहे, आणि द्राक्षं तोडायला येणारे बरेच मजूर पेठ-सुरगाण्याकडचे. त्यांच्या गावांत याच सुमाराला बोहाडा असतो. देवांचे, राक्षसांचे मोठे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर रात्रभर एकेक सोंग नाचत येतं. त्यांना त्यासाठी घरी जायचं असतं, आणि ते जाणारच. मामा त्यांना अडवत नाही. आपण आपल्या देवाला सुट्टी घेतो, तर त्यांनी त्यांच्या देवाला का घेऊ नये?

पाखरांचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि मला तुला तेच जास्त सांगायचंय. पाखरं चंद्र मोजत नाहीत. दिवस मोठा होत गेला की त्यांना निघायची ओढ लागते. नांदूरमधमेश्वरचा बंधारा तू लहान असताना पाहिलास, आठवत नसेल. गोदावरी आणि कादवा तिथे मिळतात. इंग्रजांच्या काळात बंधारा झाला आणि मागे गाळ साचत गेला. त्या उथळ पाण्यात बेटं तयार झाली, पाणकणसं माजली आणि पाखरांना हवी तशी जागा झाली. 2019 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. थंडीत तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, क्रौंच असे लांबलांबचे पाहुणे असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातो. मार्चमध्ये ही मंडळी उठू लागतात.

आता गंमत बघ. पाखरं सूर्याच्या हिशोबानं जातात आणि जत्रा चंद्राच्या हिशोबानं येते, म्हणून दर वर्षीच्या जत्रेला आजूबाजूचा मुलूख वेगळा असतो. 2024 साली जत्रेपर्यंत पाणी आटलं होतं आणि ऊन डोक्यात जात होतं. यंदा दोन एप्रिलला कदाचित मागे राहिलेला एखादा पट्टकादंबांचा थवा तुला दिसेल. पहाटे चापडगावच्या पाखरं बघायच्या मनोऱ्यावर जायचं, मामानं कबूल केलंय. थवा नाही दिसला तरी तिथलीच राहणारी पाखरं कुठे जात नाहीत. जांभळी पाणकोंबडी लाल चोच घेऊन पाणकणसांतून फिरत असेल, चित्रबलाक असतील, शराटी असतील.

भोरड्याही तोवर जायच्या बेतात असतील. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना ती. हजारोंनी येतात, पळस फुलला की त्याच्यावर तुटून पडतात, ज्वारीवर आणि द्राक्षांवरही. मामा त्यांना हाकलून हाकलून थकतो, बागेवर जाळी टाकतो. पण याच भोरड्या शेतातल्या अळ्या आणि टोळही खातात, आणि एप्रिलमध्ये मध्य आशियात जाऊन तिथल्या टोळांवरच पिल्लं वाढवतात. मामाचं नुकसान खरं आहे, तरी मला त्या आवडतात. त्यांचा थवा संध्याकाळच्या आभाळात वळतो तेव्हा शेतातले सगळे मान वर करून उभे राहतात, मामासुद्धा.

मळ्यात गेलास की पायाखाली बघून चाल. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या ढेकळांत चार अंडी घालते आणि ती मातीच्याच रंगाची असतात. ती ओरडत तुझ्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली की समज, अंडी जवळच आहेत, आणि आल्या वाटेनं मागे फिर. अंडी फुटायला जवळजवळ चार आठवडे लागतात. मामा कांदा काढताना तेवढा तुकडा सोडून देतो. टिटवीनं अंडी उंच बांधावर घातली की पाऊस जास्त होणार, असं नाना म्हणतात आणि दर वर्षी बघून ठेवतात. पाटाच्या कडेला मातीत गोल भोकं दिसतील, ती वेड्या राघूंची. काठी घालून बघू नकोस. आत पिल्लं असतील.

ऊसतोड संपत आली असेल, त्यामुळे बिबट्यांचा आडोसा गेलाय. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते आणि तोडणीत ती बछडी सापडतात. मग वनखात्याची माणसं ती त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. म्हणून अंधार पडला की मळ्यातून एकट्यानं घरी यायचं नाही, टॉर्च असला तरी नाही. हा नियम तिथल्या सगळ्या मुलांना आहे आणि तूही तो पाळायचा.

काही गोष्टी आपल्या हातून निसटणार आहेत. नाशिकची रंगपंचमी 8 मार्चला होऊन जाईल. जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळातले रंगाचे दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते बुजवून ठेवतात, त्या एका दिवसासाठी उघडतात आणि माणसं त्यात उड्या मारतात. पाडवा 19 मार्चला, म्हणजे गुढीही आपण इथेच उभारू. पण वाटेत तुला सप्तशृंगीच्या गडाकडे निघालेले लोक दिसतील, खानदेशातून पायी येतात, कितीतरी अनवाणी. पुनवेच्या आदल्या मध्यरात्री गडाच्या शिखरावर ध्वज लागतो, त्यासाठी. गावोगावचे लोक त्यांना पाणी, चहा, जेवण देतात. आपल्या फाट्यावरही मांडव असतो. तिथे पाणी वाटायला तू जायचंस, मी आजीला सांगितलंय.

गावात रामनवमीला सप्ताह बसतो. आपण पोचू तेव्हा तो अर्ध्यावर असेल. हनुमान जयंतीला पहाटे कीर्तन, सूर्य उगवताना जन्म, सगळे एकदम फुलं उधळतात आणि हातावर सुंठवडा मिळतो. तो तिखट लागेल, थुंकू नकोस. मग काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. संध्याकाळी बारागाड्या. एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर माणसं बसलेली, आणि पुढे ओढणारा भगत. तेव्हा नानांचा हात सोडायचा नाही, गर्दी पळत असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीच्या वाळूजवळ कुस्त्या. सुरुवात तुझ्याएवढ्या मुलांनी होते, रेवड्यांवर आणि नारळावर. हरला तरी रेवड्या मिळतात. मामा लहानपणी याच मातीत उतरला होता आणि तुला उतरवायची त्याची फार इच्छा आहे. मी त्याला म्हटलं, ईशानला विचारून सांगते. जोड वयानं आणि वजनानं लावतात, त्यामुळे भिण्यासारखं काही नाही, पण मन नसेल तर नको. तुझं काय ते ठरव आणि येत्या रविवारी मामाला फोनवर तूच सांग. आणि दुर्बीण आत्ताच बॅगेत टाक.

तुझी,
आई