एफडी मोडून ‘टॅक्स’ भरायचा का? आधी त्यांना एक प्रश्न विचारा

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताई ५३ वर्षांच्या, एकट्या राहतात, चार महिन्यांपूर्वी डेटिंग अ‍ॅपवर एकाशी ओळख झाली, तो परदेशात इंजिनिअर आहे म्हणतो, रोज सकाळ-संध्याकाळ मेसेज, दोनदा व्हिडिओ कॉल, पण प्रत्यक्ष भेट अजून नाही. त्याने एक ट्रेडिंग साइट दाखवली, ताईंनी आधी थोडेच पैसे टाकले, नफा दिसला, त्यातले काही काढताही आले, मग त्यांनी बचतीचा तिसरा हिस्सा तिथे टाकला. आता स्क्रीनवर तिप्पट रक्कम दिसतेय पण काढायला गेलं की आधी २० टक्के ‘टॅक्स’ भरा म्हणतायत. प्रश्न असा की त्यासाठी एफडी मोडायची की एफडीवर लोन काढायचं.

ताई, दोन्ही नाही. एरवी मी मोडल्यावर कापलं जाणारं व्याज आणि लोनचं व्याज शेजारी शेजारी मांडून दाखवलं असतं, पण इथे तो हिशोबच लागू होत नाही, कारण ज्या रकमेसाठी हे भरायचं ती रक्कम तिथे नाहीच. तुम्ही सांगताय तशा साइटवरचे आकडे ती साइट चालवणारेच टाकतात, त्यामागे ना शेअर असतात ना क्रिप्टो. तुम्हाला सुरुवातीला परत मिळालेले पैसे हा त्यांचा खर्च होता, तुमचा विश्वास बसावा म्हणून केलेला.

तरी मनात शंका राहील, म्हणून एक प्रश्न त्यांनाच विचारा: माझ्या खात्यात एवढी रक्कम आहे ना, मग टॅक्स त्यातूनच कापून उरलेले पाठवा. खरा ब्रोकर स्वतःची फी खात्यातूनच कापतो, आणि टॅक्स एकतर पैसे देतानाच उगमावर (टीडीएस म्हणून) कापला जातो किंवा नंतर तुम्ही रिटर्न भरून थेट सरकारला देता, स्वतःचेच पैसे सोडवायला कुणाच्या खासगी खात्यावर किंवा क्रिप्टो वॉलेटवर आधी टॅक्स पाठवायचा ही पद्धत कुठेच नाही. ते ‘नियमात बसत नाही’ म्हणतील, खातं गोठवायची धमकी देतील, आजच्या आज भरा म्हणतील. आणि तो तुमचा मित्र म्हणेल की अर्धे मी भरतो, अर्धे तू भर. हे वाक्य बऱ्याच तक्रारींमध्ये असतं, तेव्हा ऐकल्यावर विरघळू नका.

आता आकडे बघा. तिपटीचे २० टक्के म्हणजे तुम्ही मुळात टाकलेल्या पैशाच्या ६० टक्के, म्हणजे आज तुमच्याकडे जी बचत शिल्लक आहे तिच्यातले ३० टक्के. ते भरले की ‘व्हेरिफिकेशन फी’ येते, मग ‘लेट फी’, हे तुमच्याकडचं संपेपर्यंत थांबत नाही. उलट तो माणूस खरा असेल आणि तुम्ही नाही म्हणालात तर तुमचं काय जातं? काहीच नाही. ज्याला खरंच तुमच्यासोबत राहायचंय तो तुमची एफडी शाबूत राहिली म्हणून रुसणार नाही.

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओवर चेहरा बघितलाय म्हणजे माणूस खराच. दुर्दैवाने हा पुरावा आता चालत नाही, २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी अशी एक टोळी पकडली जी डीपफेकने चेहरा बदलून व्हिडिओ कॉल करायची आणि लोकांना खोट्या क्रिप्टो गुंतवणुकीत ओढायची. आणि स्वतःला मूर्ख म्हणणं प्लीज बंद करा, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेकडे, एकट्या २०२२ मध्ये जवळपास ७० हजार लोकांनी प्रेमाच्या नावाखालच्या फसवणुकीची तक्रार केली, नुकसान १.३ अब्ज डॉलर. लाजेने गप्प बसलेले यात धरलेलेच नाहीत. समोर ठरलेली स्क्रिप्ट घेऊन बसलेली अख्खी टीम असते, आणि तुम्ही एकट्या होतात.

आता कामाला लागा, आजच. त्याला ‘तू फसवतोयस’ असं सांगू नका, नाहीतर चॅट आणि प्रोफाइल गायब होईल. आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या, साइटचा पत्ता, ज्या खात्यांवर पैसे गेले त्यांचे नंबर, वॉलेट अ‍ॅड्रेस, तारखा, सगळं. मग बँकेला फोन करा, बँकेने पाठवलेला व्यवहार ताजा असेल तर कधीकधी अडवता येतो, म्हणून इथे एकेक तास महत्त्वाचा आहे, आणि लगेच सायबर पोलिसांत तक्रार. त्याच्या सांगण्यावरून स्क्रीन शेअर करणारं काही अ‍ॅप फोनमध्ये घेतलं असेल तर ते काढा आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. ‘माझे पैसे तुझ्या खात्यावर घे आणि पुढे पाठव’ असं त्याने सांगितलं तर चुकूनही करू नका, ते दुसऱ्या कुणाचे चोरलेले पैसे असू शकतात आणि खातं तुमचं गोठेल, चौकशी तुमची होईल. खासगी फोटो पाठवले असतील आणि त्यावरून धमकी आली तरी पैसे देऊ नका, तेही तक्रारीत घाला.

काही दिवसांनी कुणीतरी वकील किंवा ‘रिकव्हरी एजंट’ म्हणून फोन करेल, तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा. तेच लोक किंवा त्यांच्याकडून तुमचा नंबर विकत घेतलेले. फोन ठेवून द्या.

गेलेली रक्कम परत येईल असं मी सांगू शकत नाही, क्रिप्टोत गेलेली तर फारच कमी वेळा येते. म्हणून बजेट ती गेली असं धरून करू, आणि भरून काढायच्या घाईत जास्त रिस्कच्या कशातही शिरायचं नाही. उरलेल्यातून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा, एफडी मुदतीपर्यंत चालू द्या. आणि भावाला किंवा ज्या मैत्रिणीवर तुमचा भरवसा आहे तिला आज सगळं सांगा, बँकेत जाताना तिला सोबत न्या. तक्रारीचा नंबर मिळाला की मला महिन्याच्या खर्चाचे आकडे पाठवा, पुढचं प्लॅनिंग आपण त्यावरून करू.